गाळलेला फर्मा

पोरीला उत्क्रांतीचं मानसशास्त्र शिकायचं होतं. माणूस असा का वागतो, याचं मूळ म्हणे लाखो वर्षांमागे, गुहेत. सुरुवात कुठून करू, असं तिने विचारलं तेव्हा सरांनी एका जाडजूड पुस्तकाचं नाव सांगितलं. रद्दीच्या दुकानात ते मिळालं, पण पार खिळखिळं. मग काय, बाप घरचाच बाइंडर! तिने ते त्याच्या पुढ्यात टाकलं.

बाइंडर पुस्तकं बांधायचा, वाचायच्या भानगडीत पडत नसे. पण हे लेकीचं पुस्तक. उसवता उसवता त्याने पहिलं पान वाचलं आणि गडी अडकला. दोन दिवसांत त्याला शेजाऱ्याच्या आरडाओरड्याचं कारण कळलं, मेव्हण्याच्या नव्या गाडीचं कळलं, गोड बघितलं की आपला हात का आवरत नाही तेही कळलं. काय खूश झाला म्हणून सांगू!

मग सातवा फर्मा आला. फर्मा म्हणजे एकत्र शिवायची सोळा पानं. त्यात लिहिलं होतं, माणूस जीव टाकतो तो रक्ताच्या पोरांवर. सावत्र पोरांच्या बाबतीत हात आखडता घेतो.

बाइंडरच्या काळजात धस्स झालं. पोर तीन वर्षांची असताना त्याने तिच्या आईशी लग्न केलं होतं. आई गेली, आता घरात दोघंच. सावत्र हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता, आणि हा दीडशहाणा लेखक छापून मोकळा! पोरीला ते खरं वाटलं तर? शेवटी त्याने तो फर्मा काढून कपाटात दडवला आणि उरलेलं पुस्तक असं झकास बांधलं की छापणाऱ्यालाही पत्ता लागू नये. पानांवरचे आकडे मात्र साहेब विसरले.

दुसऱ्याच दिवशी पोर समोर उभी. "बाबा, शहाण्णवनंतर एकदम एकशे तेरा?"

"जुनं पुस्तक. गळाला असेल फर्मा."

"तुमच्या हातून?"

तीस वर्षांत त्याच्या हातून एक पान गळालं नव्हतं. अब्रूचाच प्रश्न! तरी तो मान खाली घालून म्हणाला, "म्हातारा झालो गं."

"थापा नका मारू. तो धडा सरांनी वर्गात सगळ्यात आधी वाचून घेतला."

बाइंडरचा चेहरा उतरला. "मग? पटलं तुला?"

"ज्यांना पटत नाही त्यांनी उदाहरण लिहून आणा, म्हणालेत." तिने वही पुढे केली. "मी या फर्म्याचीच गोष्ट लिहिली."

"अगं, बाइंडरने केलं असं नको लिहूस! धंदा बसेल माझा."

"नाही लिहिलं," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी केलं, असं लिहिलंय."