सुईला न सापडलेला श्वास

मित्रांनो, रेकॉर्ड प्लेअरला धक्का लागला की सुई उडते, हे तुम्ही पाहिले असेल. त्या दुपारी माझी सुई जागची हललीसुद्धा नाही. तरीही मला असा धक्का बसला, की मी अजून पुरता सावरलेलो नाही. वय झाले आहे माझे. लाकडी अंगावरची झिलई उडाली आहे. पण ऐकतो मात्र चांगले.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला जुळवणारा कारागीर माझी जड थाळी बोटाने फिरवायचा आणि कान लावून बसायचा. काहीच ऐकू आले नाही, की खूश व्हायचा. माझे सारे मोठेपण एवढेच होते: स्वतः गप्प राहायचे आणि रेकॉर्डला बोलू द्यायचे. ज्या घरी गेलो तिथे आधी कौतुक झाले, मग मुलांनी माझ्या थाळीवर बाहुल्या गरगर फिरवल्या, मग मी मोडक्या पंख्याशेजारी माळ्यावर गेलो. माझा रबरी पट्टा सैल झाला. गाणे कसे असते, तेही विसरत चाललो होतो.

तिथून मी जुन्या सामानाच्या दुकानात आलो आणि एका संगीत निर्मात्याच्या नजरेस पडलो. गाणारा वेगळा, वाजवणारा वेगळा. त्या साऱ्यांचे आवाज जुळवून गाणे उभे करतो तो निर्माता. त्याने मला नवा पट्टा दिला, नवी सुई दिली, आणि दोन स्पीकर अशा जागी ठेवले, की त्यांच्या समोर सोफा थेट खोलीच्या मधोमध आला.

"लोक विचारतात, घर बदलताय का म्हणून," त्याची बायको म्हणायची.

"अगं, इथं बसून बघ. गाणारी अगदी समोर उभी राहते."

"मग तिला म्हणावं, उभीच आहेस तर जरा खिडकी लाव."

तो हसायचा. रेकॉर्ड कडेने तळहातांत धरायचा, मऊ ब्रशने धूळ काढायचा आणि सुई इतक्या हळू टेकवायचा, की मला ती टेकल्याचे आवाज आल्यावरच कळे. "स्टुडिओत मी चुका ऐकतो," तो म्हणे, "गाणं ऐकायला घरी येतो."

त्याला एक थोरली बहीण होती. तिला लहानपणापासून दमा. गाणे सोड, असे तिला सगळ्यांनी सांगून झाले होते. तिने सोडले नाही. तिचे केस पिकल्यावर भावाने तिची रेकॉर्ड काढायचे ठरवले, तेव्हा ती सरावाला ह्याच खोलीत येई. प्रत्येक ओळीआधी तिचा तो लांब, किंचित शीळ घालणारा श्वास मी ऐकत असे. तो ऐकला, की मी मनातल्या मनात सावरून बसे.

रेकॉर्डचा कारखाना आधी एक नमुना पाठवतो. आमचा निर्माता तो घरी आणून माझ्यावर ऐकायचा आणि मगच होकार द्यायचा. हा नेम त्याने कधी मोडला नव्हता. ह्या वेळी मात्र आपल्या कामावर तो इतका खूश होता, की नमुना हाती येताच त्याने कारखान्याला कळवून टाकले, "करा सुरू!" ऐकायचे ते ताईसोबतच ऐकू, असे त्याच्या मनात होते.

ताई आली, सोफ्यावर बसली. त्याने सुई टेकवली. मी श्वासाची वाट पाहू लागलो.

श्वास आलाच नाही.

तिथे नुसती गुळगुळीत, काळी शांतता होती. आणि त्या शांततेतून एकदम सूर निघाला, भिंतीतून हात बाहेर यावा तसा. मी हादरलो. दुसऱ्या ओळीआधी शोधले, तिसऱ्या ओळीआधी शोधले. कुठेच नाही. सूर सगळे चोख होते, पण खोलीत कोणी उभे राहीना.

"उचल ती सुई," ताई म्हणाली.

"का गं? नाही आवडलं?"

"ही कोण आहे?"

"कोण म्हणजे? तूच की!"

"मी श्वास घेते रे गाताना. ही घेतच नाही. जिवंत तरी आहे का ती?"

त्याचा चेहरा उतरला. "ताई, तुला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून... एकेक श्वास वेचून काढला मी."

"एकेक? आणि मी तो एकेक कसा घेतला होता, ते ठाऊक आहे तुला? जन्म गेला माझा त्या श्वासापायी. आणि तू कचरा म्हणून काढलास?"

तो मटकन खाली बसला. "आणि मी होकार देऊन बसलोय."

"अहो, बसलाय काय? फोन लावा!" बायको दारातून ओरडली.

फोनमधून यंत्रांची घरघर मलाही ऐकू आली. "साहेब, गरमागरम निघतायत!" पलीकडचा माणूस आनंदाने म्हणाला.

"बंद करा. निघाल्या तेवढ्या मोडून टाका."

"मोडून? अहो, एक ओरखडा नाही त्यांच्यावर!"

"तेच तर चुकलंय."

ताई पर्स उचलून निघून गेली. मूळ ध्वनिमुद्रण त्याने जपून ठेवले होते, तेवढेच नशीब. तो पुन्हा कामाला लागला; पण त्या काळात त्याने मला एकदाही हात लावला नाही. सोफा रिकामा असे. सरावाचा तो आवाज आता पुन्हा येणारच नाही की काय, ह्या भीतीने मी झाकणाखाली गप्प पडून होतो.

नवा नमुना आला, तेव्हा बायकोनेच ताईला ओढून आणले. ताई पर्स मांडीवर घट्ट धरून सोफ्याच्या कडेला बसली, कोणत्याही क्षणी उठायच्या तयारीत. सुई टेकली.

आणि खोलीत कोणीतरी श्वास घेतला. लांब, शीळ घालणारा. ताई दचकली. तिने मागे वळूनसुद्धा पाहिले.

"अगं बाई! मी अशी भात्यासारखी फुसफुसते?"

त्याचा हात लगेच माझ्याकडे वळला. "थोडा कमी करू का?"

"हात तर लावून बघ!" ती म्हणाली आणि पर्स बाजूला ठेवून मागे टेकून बसली.

मित्रांनो, धूळ मला सोसत नाही. मला आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अवश्य पुसा, मऊ हाताने पुसा. पण काय पुसायचे आहे, ते आधी नीट ऐकून घ्या. घाई करू नका. मी सावकाशच फिरतो.