सांगून जाणं

"पोर झोपलीय तवर उचलून गाडीत घालू, अक्का. जागी झाली की रडून गाव गोळा करंल," रामकिशन थोरल्या बहिणीला, वच्छलाबाईला, म्हणाला. त्याच्या बायकोनेही मान डोलावली. दारात गावातल्या जगदेवप्पाची बैलगाडी जुंपून उभी होती. दिवस मावळायच्या आत भीमा ओलांडून सोलापूरकडचा इंग्रजी मुलूख गाठायचा होता.

"न्हाई," वच्छलाबाई म्हणाली. "एकदा केलीत ती चूक बास झाली."

दोन वर्षांमागे नवराबायको लेकीला वच्छलाबाईकडे ठेवून सोलापूरच्या गिरणीत कामाला निघाले, तेव्हा गावातल्या शहाण्यासुरत्यांनीच सल्ला दिला होता की पोरगी झोपल्यावर निघा, म्हणजे रडणार नाही. तीन वर्षांची सोजर खरंच रडली नाही. तिने झोपणंच सोडलं. डोळा लागला की माणसं जातात, हे तिला पक्कं कळलं होतं. विधवा आत्याचा पदर मुठीत धरून ती टक्क जागी राहायची. आत्याने घागर उचलली तरी हंबरडा.

"दोन रपाटे घाल, सुधरंल," बाया म्हणाल्या. वच्छलाबाईने त्यांनाच झोडपलं, तोंडाने. तिच्या तोंडी लागायची पाटलाचीही छाती नव्हती.

मग तिने कमरेची मिसरीची डबी काढली. दाताला मिसरी लावल्याशिवाय या बाईचा दिवस उगवत नाही, हे सोजरलाही ठाऊक होतं.

"ही तुझ्यापाशी ठेव. हिच्याबिगर मी कुठं ऱ्हाईन गं? नदीला जायलेय, आलेच."

आधी नदी, मग शेत, मग बाजार. सांगितल्याशिवाय ती कधी गेली नाही आणि सांगून परत आली नाही असं कधी झालं नाही. हळूहळू सोजर डबी घेऊन उंबऱ्यावर खेळू लागली, रात्री गाढ झोपू लागली. भरल्या खळ्याकडे बघावं तसं वच्छलाबाई त्या झोपलेल्या पोरीकडे बघायची.

आता सोलापुरात खोली मिळाली होती. आईबाप लेकीला न्यायला आले होते.

वच्छलाबाईने स्वतः सोजरला उठवलं, तोंड धुतलं. "आई-अप्पा तुला न्यायला आलेत. मी न्हाई येणार."

"कामून?"

"हितं शेत हाय, म्हस हाय."

सोजरचा ओठ थरथरला. आई पुढे सरकली, पण वच्छलाबाईने तिला हातानेच थांबवलं.

सोजर आत गेली आणि आपली चिंध्यांची बाहुली घेऊन आली. तिला जवळ घेतल्याशिवाय ती अजूनही झोपत नसे. बाहुली तिने आत्याच्या मांडीवर ठेवली.

"ही तुझ्यापाशी ठेव. मी सोलापूरला जायलेय. येते."

आणि आपल्या पायांनी चालत गाडीत जाऊन बसली.

रामकिशन बघतच राहिला. "रडली न्हाई की गं, अक्का."

"माझ्या हाताखालची हाय ती," वच्छलाबाई ताठ मानेने म्हणाली. "सांगून जाती."

गाडी दिसेनाशी झाली. तिने बाहुली उंबऱ्यावर बसवली आणि पाण्याला घागर उचलली. घरात आता कुणी नव्हतं. तरी ती दारात थांबली, कमरेची डबी काढून बाहुलीजवळ ठेवली.

"नदीला जायलेय," ती म्हणाली. "आलेच."