रांगेतली एकच चूल

ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीण दोन घास रांधून आणते. आमच्या खाणकामगारांच्या खोल्यांच्या रांगेत एवढं तरी सगळे पाळतात. पण खाणीचं छत कोसळलं आणि घराघरातलं माणूस गेलं. आता कोणी कोणाला रांधायचं?

एक मुकादमाचं घर तेवढं वाचलं. छत कुरकुरतंय म्हणून तो टेकूची लाकडं मागायला वर आला, आणि मागे सगळं खाली बसलं. त्याच्या हाताखालचा माझा थोरलाही त्यातच. अजून वर काढलेला नाही.

"माणसं खाली ठेवून हा बरा वर आला," लोक म्हणाले. मीही म्हणाले. माझी जीभ कशाला मागे राहतेय!

दुसऱ्या दिवशी त्या एकाच घरातून धूर निघाला. मुकादमीण भाताचं पातेलं फडक्याने धरून दारोदार फिरली.

"तुझ्या नवऱ्यालाच वाढ! जिवंत आहे ना?" पलीकडची ओरडली. दारं धाडधाड लागली.

शेवटी माझं दार. नात कालपासून नुसत्या पाण्यावर. तरी सून कुजबुजली, "आत्याबाई, घेऊ नका. रांग काय बोलेल?"

"रांगेला बोलायला मीच शिकवलंय," म्हटलं, आणि मुकादमिणीकडे वळले. "तो कुठाय?"

"कोपऱ्यात बसलाय. अन्नाला शिवत नाही. एकच घोकतोय, लाकडं आणायला थोरल्याला धाडायला हवं होतं."

थोरल्याला धाडलं असतं, तर आज हे पातेलं माझ्या हातात असतं. आणि मी कोणाकोणाच्या दारात उभी राहिले असते?

मी उंबऱ्यावरच बसले, सगळ्यांना दिसेल अशी. पातेल्यात हात घातला.

"करपवलास की गं! इतकी वर्षं तो खातो कसा?"

ती हसायला गेली आणि रडली.

मी आतून थोरल्याचं ताट आणलं, भरून तिच्या हाती दिलं. "हे त्याला दे. नको म्हणाला तर सांग, म्हातारी येऊन भरवेल. माझा हात जड आहे, त्याला ठाऊक आहे."

पलीकडचं दार किलकिलं झालं. एक वाडगा बाहेर आला. मग आणखी एक.

तोंडातला घास काही केल्या उतरेना. रांग बघत होती, म्हणून चावत राहिले.