शेवंतीच्या तोंडातली चकती

मुलुंडच्या एका औषध कारखान्यात संशोधन करणाऱ्या पद्मजाने तीन वर्षं बोकडाच्या गालांसोबत काढली. सकाळी खाटकाकडून गालाची आतली कातडी आणायची, काचेवर ताणून बसवायची, तिच्यावर आपली चपटी गोळी दाबायची आणि मग वजनं टांगून बघायचं, किती जोर लावल्यावर सुटते ते. घरी सासूबाई तिची पिशवी इतरांच्या पिशव्यांपासून लांबच्या खुंटीला अडकवत.

तोंडात जखम झाली की मलम टिकत नाही. लाळ वाहते, जीभ गप्प बसत नाही, माणूस आवंढा गिळतो. लावलेलं औषध बघता बघता पोटात जातं. पद्मजाला असं काहीतरी हवं होतं, जे ओल्या कातडीला स्वतःच धरून बसेल आणि औषध हळूहळू सोडत राहील. तिने दोन पॉलिमरच्या भुकट्या औषधासह एकत्र दाबून शर्टाच्या बटणापेक्षा लहान चकती केली. पहिल्या भुकटीला ओल लागली की ती फुगायची आणि तिच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या कातडीवरच्या बुळबुळीत थरात शिरून गुंतायच्या. दुसरी तिला आवर घालायची, म्हणजे औषध एकदम सुटू नये. वरून न चिकटणारा नारिंगी थर, नाहीतर गाल हिरडीला चिकटायचा. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पण ते काचेवर.

जनावरांवरच्या चाचण्या झाल्या, परवानग्या मिळाल्या आणि शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात घाटकोपरच्या एका रुग्णालयात माणसांवर चकती लावायची वेळ आली. तिथली दातांची डॉक्टर मृणालिनी पद्मजाची कॉलेजपासूनची मैत्रीण. तिने पहिल्याच दिवशी शेवंतीला समोर बसवलं.

शेवंती भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत राहायची. मूळची कणकवलीकडची. नवरा सहदेव गिरणीत होता. संपानंतर एका गोदामावर वॉचमन झाला. दोन वर्षं तिच्या गालाच्या आतली कातडी सोलून निघाल्यासारखी लालभडक होती. खाणं म्हणजे थंड झालेली पेज, दूधभात, बस. घरच्यांसाठी माशांची कढी ती करायची, पण चव बघायला शेजारणीला हाक मारायची. बोलणंसुद्धा तिने कमी केलं होतं. प्रश्न तिला विचारला तरी उत्तर सहदेव द्यायचा.

"औषधां लय झाली," तो म्हणाला. "लावता आणि थुंकीवांगडा गिळता. उपयोग काय?"

"ही गिळली जाणार नाही," मृणालिनी म्हणाली. मग पद्मजाकडे वळली. "तूच लाव. तुझी आहे."

पद्मजाने हात धुतले. शेवंतीने तोंड उघडलं तेव्हा पद्मजाची बोटं क्षणभर थांबली. बोकडाची कातडी दुखत नव्हती. ही दुखत होती; चकती टेकताच शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. पद्मजाने बोट हलकेच दाबून धरलं आणि मग काढून घेतलं. चकती जागेवर राहिली.

शेवंतीला बाकावर बसवून ठेवलं. पद्मजाचं लक्ष तिच्या जबड्याकडे. शेवंती आवंढा गिळत होती. सवयीने जीभ जखमेकडे नेत होती. पाणी प्याली. प्रत्येक वेळी पद्मजाला वाटे, आता सुटली. दुपारी मृणालिनीने छोटा आरसा तोंडात घातला, बघितलं आणि तो पद्मजाच्या हातात दिला.

चकती तिथेच होती. फुगून मऊ झालेली, कडा पारदर्शक. खालची कातडी श्वासाबरोबर हलत होती आणि चकती तिच्याबरोबर हलत होती, जणू तिचाच भाग असावी. प्रयोगशाळेत बरणीतून चमच्याने काढलेली ती पांढरी भुकटी एका जिवंत माणसाला धरून बसली होती आणि आपलं काम करत होती.

"ठणको कमी झालो," शेवंती म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलंच वाक्य. सहदेवने चमकून तिच्याकडे पाहिलं.

घरी लावायला महिनाभर पुरतील इतक्या चकत्या दिल्या, औषध हळूहळू सुटतं हे सांगितलं, नारिंगी बाजू वर ठेवायची हे दोघांना दाखवलं, पुढच्या बुधवारी यायला सांगितलं.

बुधवारी शेवंती आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही.

"माणसं येत नाहीत गं कधीकधी," मृणालिनी म्हणाली. "कंटाळतात."

पद्मजाला ते पटेना. चकती घशात गेली असेल का? जखम चिघळली असेल का? तिने रुग्णालयातून पत्ता घेतला, शनिवारी कारखाना सुटल्यावर भांडुपची बस धरली आणि विचारत विचारत टेकडी चढली.

दार उघडंच होतं. शेवंती स्टोव्हपाशी बसली होती. पद्मजाला बघून ती उठली.

"तू? हयसर?"

"मावशी, तुम्ही आला नाहीत. मला काळजी वाटली."

"दुखणा नाय, मगे कित्याक येव?" शेवंती म्हणाली. मग पद्मजाचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "चुकला काय माझा?"

पद्मजाने नकारार्थी मान हलवली. पर्समधून बॅटरी काढली आणि तिला उजेडाकडे वळवलं. गालाचा आतला लाल पट्टा फिका पडला होता. कडेने नवी गुलाबी कातडी पुढे सरकली होती, इतकी पातळ की बॅटरीच्या उजेडात चमकत होती. जिथे जखम अजून उरली होती, तिथे सकाळची चकती झिजून पातळ पापुद्र्यासारखी झाली होती. शेवंती बोलली, हसली, आवंढा गिळला, आणि तो पापुद्रा तसाच राहिला. पद्मजा बॅटरी विझवायची विसरली. तीन वर्षांत तिने ही गोष्ट कितीतरी आकड्यांत मांडली होती. बरी होत असलेली कातडी तिने कधी पाहिली नव्हती.

"बाय," शेवंतीने तोंड मिटल्यावर विचारलं, "औषध हळूहळू सोडूचा ह्या तुझ्या चकतीक कसा कळता?"

पद्मजा साखळ्यांबद्दल सांगू लागली. पाणी आत शिरतं, साखळ्या उलगडतात, अडकलेलं औषध वाट काढत बाहेर येतं. शेवंती मन लावून ऐकत होती. सांगता सांगता पद्मजाच्या लक्षात आलं, की आपण हे शंभर वेळा सांगितलं असलं तरी आज पहिल्यांदाच त्याचं आपल्यालाही नवल वाटतंय.

"पण मावशी, हा आजार मुळातून जात नाही," तिने न लपवता सांगितलं. "परत उठेल कदाचित. तपासायला यायलाच हवं."

"उठलो तर परत लावू," शेवंती म्हणाली. "येतंय बुधवारी."

मग ती स्टोव्हकडे वळली. टोपात बांगड्याची कढी रटरटत होती. तिने पळीतला थेंब तळहातावर घेतला, फुंकर घातली, जिभेला लावला आणि डोळे मिटून चव घेतली.

"मीठ कमी," ती म्हणाली, आणि बरणीकडे हात नेला.