इंग्रजीत अबोला नव्हता

मॅडमनी बाकं समोरासमोर ओढायला लावली आणि थोरलीच्या पुढ्यात नेमकी तिची सख्खी धाकटी बहीण येऊन बसली. दोघींनी एकदमच वर पाहिलं आणि एकदमच पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं. दोघींची नाकं सारखी, पर्सची चेन खसकन ओढायची तऱ्हाही सारखी. पण मॅडमचं लक्ष घड्याळाकडे होतं आणि हजेरीपटावर आडनावं वेगळी होती.

कोर्स संपेपर्यंत या जोड्या बदलायच्या नाहीत, मॅडमनी सांगून टाकलं. चुकलं तर चुकू दे, पण बोलायचं फक्त इंग्रजीतच.

थोरलीला उठून जाता आलं असतं. पण उठून जाणाऱ्यांतली ती नव्हती. भर बाजारात तिचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आरशात डोकावेपर्यंत त्याला कोणती फ्रेम शोभेल हे तिचं ठरून गेलेलं असे, आणि पंचाईत अशी की बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघे. जायचं असेल तर धाकटी जाईल, असं मनाशी म्हणून ती बाकावर ऐसपैस बसली. धाकटीनेही बहुधा तोच विचार केला असावा, कारण तीही जागची हलली नाही.

दोघींना इथे आणलं होतं एकाच माणसाने. थोरलीचा मुलगा परदेशी नोकरीला होता आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न करत होता. मुलीच्या आईवडिलांना मराठीचा गंध नव्हता. येण्याआधी रोजच्या बोलण्यापुरतं इंग्रजी शिकून घे, त्यांच्यासमोर नुसती मान डोलवत बसू नकोस, असं त्याने आईला बजावलं होतं. मावशीलाही बजावलं असणार. थोरली दुकानात असायची तेव्हा तो लहानाचा मोठा झाला तो धाकटीच्या पाळणाघरात, तिच्या मांडीवर. लग्नाला दोघीही हव्यात, एवढंच तो दोघींना वेगवेगळा फोन करून सांगत होता. त्या एकमेकींशी बोलत नाहीत हा विषय त्याने काढला नव्हता. शहाणा होता.

मॅडमची पद्धत थोरलीला पहिल्याच दिवशी पटली. व्याकरण नाही, पाठांतर नाही. वाक्याचा एक साचा द्यायचा आणि त्यात शब्द बदलत राहायचं. फ्रेम तीच, नुसता नंबर बदलायचा, हे तिला लगेच कळलं. आज ओळख करून देण्याघेण्याचे साचे होते. समोरच्याला घरच्या माणसांविषयी विचारा, असं सांगून मॅडम दुसऱ्या जोडीकडे वळल्या.

बाकी वर्ग बोलू लागला. या बाकावर मात्र दोघी आपापल्या पर्सची चेन उघडझाप करत बसल्या. मग धाकटीने घसा साफ केला आणि पाळणाघरातल्या आवाजात, म्हणजे चांगलं चार बाकांपर्यंत ऐकू जाईल असं, विचारलं,

"डू यू हॅव अ सिस्टर?"

थोरलीने तिच्याकडे रोखून पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"येस. आय हॅव वन सिस्टर. अँड यू?"

"येस. वन. एल्डर."

"इज शी काइंड?"

धाकटीने थोडा विचार केला.

"शी इज व्हेरी बिझी," ती म्हणाली.

मॅडम जाता जाता "गुड, व्हेरी गुड" म्हणून गेल्या.

त्या संध्याकाळी थोरली जिना उतरत होती, धाकटी चार पायऱ्या मागे होती, आणि खाली रस्त्यावर येईपर्यंत दोघी पुन्हा मुक्याच्या मुक्या. पण घरी पोचल्यावर थोरलीच्या लक्षात आलं की अबोला तर मोडलेला नाही. अबोला होता तो मराठीत. इंग्रजीचं कोणाचं काही ठरलं नव्हतं. या शोधावर ती इतकी खूश झाली की स्वयंपाक करताना तिने उद्याचे प्रश्न तयार करून ठेवले.

प्रकरण साधं नव्हतं. आई शेवटची आजारी पडली तेव्हा धाकटी बिछान्यात होती. आधी दोनदा पोटातलं गेलं होतं, तिसऱ्यांदा डॉक्टरांनी पाऊल खाली टाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आईचं दुखणं हाताबाहेर गेलंय हे धाकटीला कळू द्यायचं नाही, असं थोरलीने ठरवलं. आपल्या नवऱ्याला, धाकटीच्या नवऱ्याला, अगदी शेजाऱ्यांनाही तिने दम भरला. आई गेली आणि धाकटीला ते कळलं सगळं उरकून गेल्यावर. पुढे ती तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी आली, तेव्हा नातेवाइकांनी भरलेल्या खोलीत तिने विचारलं होतं, "ताई, ती माझी आई होती का तुझं गिऱ्हाईक? परस्पर ठरवून मोकळी झालीस."

थोरलीला ते वर्मी लागलं. खरं तर ती त्याच दिवशी धाकटीला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगणार होती. जाण्याच्या आदल्या दिवशी आईने धाकटीसाठी निरोप दिला होता. एवढासाच, पण तिच्या नावाचा. चारचौघांतलं ते बोलणं ऐकलं आणि थोरलीने निरोप गिळून टाकला. बघू, आधी माफी मागू दे, मग सांगीन. माफी काही आली नाही. राग हळूहळू ओसरला, पण निरोप घशात अडकला तो अडकलाच. सांगायचा तर आधी बोलायला हवं, आणि आधी बोलायचं कोणी? एव्हाना ती तान्ही मुलगी दप्तर घेऊन दुकानावरून शाळेत जाऊ लागली होती, आणि थोरली काचेआडून तिच्याकडे बघत हातातली भिंगं पुसत राही. तिला बहीण हवी होती. फक्त वाकायचं नव्हतं.

इंग्रजीत वाकावं लागत नव्हतं. तिथे जे काही विचारायचं ते मॅडमनी सांगितलं म्हणून. रोजच्या सवयी सांगायचा साचा आला तेव्हा धाकटी अजून उपाशीपोटी चहा पिते, हे थोरलीला कळलं. आवडीनिवडीच्या तासाला भाचीला अंकगणित आवडतं हे कळलं, आणि हे आपल्यावर गेलंय असं तिने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. तब्येतीच्या तासाला धाकटीने गुडघ्यांविषयी विचारलं. थोरलीने छान आहेत म्हणून दडपून सांगितलं, तर धाकटीने तोंडातल्या तोंडात, पण इंग्रजीतच, ते खोटं असल्याचं सांगितलं. जिना चढताना तिने पाहिलं होतं.

एकदा तास सुटल्यावर धाकटीची स्कूटर सुरू होईना. किक मारून मारून ती घामाघूम झाली. थोरली फुटपाथवर थांबली. वर्ग वर राहिला होता, मॅडम दिव्याची बटणं बंद करत होत्या. इथे आता कुठला साचा लागू पडतो ते तिला समजेना. शेवटी ती धीटपणे म्हणाली,

"डू यू नीड हेल्प?"

"नो, थँक यू," धाकटी म्हणाली. आणखी दोन किका मारल्या. "येस, प्लीज."

दोघींनी मिळून स्कूटर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकपर्यंत ढकलत नेली. मेकॅनिकने या दोन बायकांचं आपापसातलं इंग्रजी ऐकलं आणि दर वाढवून सांगितला. त्यावर मात्र दोघींनी त्याला अस्सल मराठीत असं काही फैलावर घेतलं की त्याने प्लग फुकट साफ करून दिला. मग एकमेकींना "गुड नाइट" म्हणून त्या आपापल्या वाटेने गेल्या.

सगळंच गोडीगुलाबीत चाललं होतं असं नाही. सल्ला देण्याच्या तासाला धाकटीने पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि सरळ थोरलीच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "यू शुड आस्क पीपल बिफोर यू डिसाइड."

"थँक यू फॉर युअर अ‍ॅडव्हाइस," थोरली म्हणाली. वाक्य बिनचूक होतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

कोर्स संपत आला. मुलाने तिकिटं पाठवली ती शेजारशेजारच्या सीटची, आणि आता विमानातही इंग्रजीतच बोलत जायचं की काय, असा विचार थोरलीच्या मनात येऊन गेला. शेवटच्या तासाला मॅडमनी फळ्यावर साचा लिहिला तो दुसऱ्याचं बोलणं सांगण्याचा. ती असं म्हणाली, तो असं म्हणाला. घरातलं कोणी काय बोललं ते आपल्या जोडीदाराला सांगा.

धाकटीने मुलीपासून सुरुवात केली. तिची मुलगी म्हणाली होती की मी पाळणाघरातल्या बाळांपेक्षा शहाणी आहे. थोरली म्हणाली की तिचे यजमान म्हणाले, हल्ली तू झोपेत इंग्रजी बोलतेस. धाकटी हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे खाली गेले. बाकाच्या कडेवरून ती अंगठा फिरवत राहिली.

"व्हॉट डिड मदर से?" तिने विचारलं. पाळणाघरातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

मॅडम नेमक्या मागून चालल्या होत्या. त्यांनी वाकून सुधारलं, "युअर मदर. युअर मदर म्हणा."

"नो," धाकटी म्हणाली. "अवर मदर."

मॅडमनी एकदा हिच्या नाकाकडे पाहिलं, एकदा तिच्या. मग त्या पार खिडकीजवळच्या जोडीकडे गेल्या आणि तिथेच थांबल्या.

थोरलीची तयारी नव्हती असं कोणी म्हणू नये. या साच्याचा धडा तिने आदल्या दिवशीच पुढे जाऊन वाचला होता आणि आईचं वाक्य इंग्रजीत बसवूनही पाहिलं होतं. बिनचूक बसलं होतं. सांगितलं असतं तर निरोपही पोचला असता आणि मानही राहिली असती.

"मदर सेड दॅट," ती म्हणाली आणि थांबली.

पुढचे शब्द जिभेवर होते. पण ते सरकारी नोटिशीसारखे वाटत होते, आणि त्यात आई कुठेच नव्हती. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. ते शब्द ऐकून धाकटीला काय मिळणार होतं? आजवर जो निरोप आपण दाबून ठेवला तो आता पुन्हा आपल्या सोयीने कापून द्यायचा, याची थोरलीला मनापासून लाज वाटली. आधी बोलेल तो हरला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हरले तर हरले.

तिने बाकावर दोन्ही हात ठेवले.

"आई म्हणाली, ढमीला म्हणावं, निवांत झोप. मी काही कुठे पळून जात नाही."

धाकटीला ढमी म्हणणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. बाकी वर्ग आपापल्या सासवा, साहेब आणि शेजारी काय म्हणाले ते जोरजोरात सांगत होता. धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले. ती रडेल, उठून जाईल, की सगळ्यांसमोर पुन्हा काही बोलेल, हे थोरलीला सांगता आलं नसतं, आणि पहिल्यांदाच ती काहीही न ठरवता समोरच्या माणसाची वाट बघत बसली.

धाकटीने नाक ओढलं. पाठ ताठ केली. मग चांगल्या विद्यार्थिनीसारखं, एकेक शब्द सुटा करत, तिने विचारलं,

"कुड यू से दॅट अगेन, प्लीज?"

थोरलीने परत सांगितलं. मग, तिने न विचारताच, आणखी एकदा.