लायलचा निरोप

मंगळवारी सकाळी लॉकर रूममध्ये नव्वद कप्पे होते. त्यांतल्या एक्काहत्तर कप्प्यांवर नावाच्या पट्ट्या होत्या. उरलेल्या एकोणीस ठिकाणी पट्टीखालचा गोंद तेवढा राहिला होता, आणि एका खुंटीवर डाव्या हाताचा एक मोजा. दुपारी चारपर्यंत लीगकडे त्रेपन्न नावं पाठवायची होती. म्हणजे अजून अठरा जण घरी जाणार होते. ते अठरा कोण, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं.

मी भौतिकशास्त्र शिकलेली. टोलेडोच्या या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडूचा वेग, त्याची फिरकी, फेकीला लागणारा वेळ असलं सगळं मोजते. खेळाडू मला प्रोफेसर म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, ते मात्र अजून मोजता आलेलं नाही.

त्या दिवशी कोणी एका जागी टिकत नव्हतं. उठायचं, पाण्याच्या नळापर्यंत जायचं, न पिता परत यायचं. दार वाजलं की सगळ्यांच्या माना तिकडे. कारण दारातून लायल जेफर्स येण्याची शक्यता होती.

लायल साठीचा, मऊ बोलणारा, कार्यालयातला माणूस. छाटणीच्या आठवड्यात त्याच्याकडे एकच काम असतं. ज्याला काढलं त्याच्यापाशी जायचं आणि हळूच म्हणायचं, "कोच बोलावतायत. टॅब घेऊन ये." त्या टॅबमध्ये संघाच्या सगळ्या चाली असतात. तो परत घेतला की माणूस संघाचा राहत नाही. खेळाडू त्याला निरोप्या म्हणतात. पूर्वी तो रबरी बुटांतून आवाज न करता मागे येऊन उभा राहायचा. त्यावर तक्रार झाली, तेव्हापासून तो लांबूनच खोकत येतो.

त्या सकाळी सर्वांत स्वस्थ दिसत होता तो कर्ट ऑस्टरमन. वय छत्तीस, या संघात अकरा वर्षं. त्याचं काम म्हणजे ओणवं होऊन, दोन पायांमधून चेंडू मागच्या माणसाच्या हातात फेकायचा. सामन्यात सात-आठ वेळा मैदानात यायचं आणि परत बाकावर. असा माणूस संघात एकच लागतो. यंदा मात्र दोघं होते. दुसरा डेव्हिन बोमन, तेवीस वर्षांचा, कर्टच्याच शेजारच्या कप्प्यावर. कर्ट त्याला म्हणायचा, "अरे, माझ्या खुर्चीवर डोळा ठेव, पण निदान मी बसलेला असताना तरी नको." डेव्हिन लाजून हसायचा आणि नखं खायचा.

कोच डोब्रोस्कींनी निर्णय पुढे ढकलत आणला होता. शेवटी सकाळी त्यांनी मला बोलावून नियम सांगितला. दोन वाजता दोघांच्या दहा जवळच्या फेकी आणि दहा लांबच्या. जवळच्या फेकीत चेंडूची शिवण गोलखांबाकडे तोंड करून हातात पडली पाहिजे, नाहीतर लाथ मारणाऱ्याचा पाय शिवणीवर बसतो. ज्याची शिवण जास्त वेळा नीट पडेल तो राहील. पण लांबच्या फेकीची सरासरी पाऊण सेकंदाच्या, म्हणजे ०.७५च्या आत हवी. ती ओलांडली की शिवण कितीही नीट असो, घरी. दोघांना निरोप धाडतो, असं म्हणत कोच फोनवर गेले. बाकीचे सगळे प्रशिक्षकही फोनवरच होते. कोचना समोर मोकळा दिसला तो लायल.

पुढचं मला लायलनेच कॉरिडॉरमध्ये सांगितलं. त्याच्या हातात एक टॅब होता आणि चेहरा उतरलेला. तो खोकत आत गेला, तसं सगळं गप्प झालं. तो कर्टपाशी थांबला आणि म्हणाला, "कर्ट, तुझ्यासाठी कोचचा निरोप आहे." कर्टने हात वर केला. काही बोलू नकोस म्हणाला. टॅब त्याच्या हातात दिला, त्याची पाठ थोपटली, काळ्या कचऱ्याच्या पिशवीत बूट, टेप, मुलांचे फोटो भरले आणि सगळ्यांशी हात मिळवून निघून गेला.

"मग तू सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"अगं, अशा वेळी मी तोंड उघडलं की माणसं जास्त खचतात. वीस वर्षं झाली. मी गप्प राहायलाच शिकलोय."

कर्ट फोन उचलत नव्हता. मी पार्किंगकडे धावले. त्याची गाडी फाटकापाशी पोचली होती. आडवी उभी राहिले तेव्हा त्याने काच खाली केली.

"आता काय, प्रोफेसर? माझे शेवटचे आकडे राहिलेत का घ्यायचे?"

मी सगळं सांगितलं. त्याला आधी खरंच वाटेना. मग तो हसला, मग गाडीतून उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, पुन्हा आत बसला, पुन्हा उतरला.

"मार्नीला फोन केलाय मी," तो म्हणाला. "ती म्हणाली, ये घरी, मुलांना तळ्यावर नेऊ. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा पोटातला गोळा गेला. आता तू तो परत आणून देतेयस."

मी म्हटलं की यायचं की नाही हे त्याने ठरवायचं. तो आला नाही तर जागा डेव्हिनची.

"माझी लांबची फेक किती येतेय हल्ली?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे वाईट येतेय."

तो बराच वेळ पिशवीच्या गाठीशी चाळा करत राहिला. "उद्या लोक विचारतील, कसा गेलास? मी काय सांगू, लायल खोकला म्हणून गेलो?" मग गाठ सोडून त्याने बूट काढले आणि गाडीच्या दारात बसून घालायला लागला. नाडी दोनदा बांधली, दोनदा सोडली.

दोन वाजता ऊन कडक होतं, वारा जवळजवळ नव्हता. लायल कुंपणाशी उभा होता. डेव्हिनने कर्टला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, तरी पुढे होऊन त्याने कर्टच्या हाताला टेप गुंडाळून दिली. "घट्ट नको रे, म्हाताऱ्याचं रक्त थांबेल," कर्ट म्हणाला. दोघांनी आलटून पालटून फेकलं. कोच माझ्या मागे येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक फेकीनंतर माझ्या पडद्याकडे वाकून बघत होते. मी तो हाताने झाकला.

वीस-वीस फेकी झाल्या. मी बेरीज दोनदा केली आणि वाचून दाखवली.

बोमन : शिवण दहापैकी आठ वेळा नीट, लांबची सरासरी ०.७० सेकंद.

ऑस्टरमन : शिवण दहापैकी दहा वेळा नीट, लांबची सरासरी ०.७६ सेकंद.