बाटली कुणी फोडली

एका बाटलीचं बूच तारेखालून वर सरकलं होतं. पंचफुलाने ती बाटली ओल्या रेतीतून उचलून दोन्ही गुडघ्यांत धरली आणि शालिग्राम पक्कड घेऊन तार आवळायला बसला.

"अजून बुडबुडे येऊन राह्यले. बाटलीत भराची घाईच झाली," ती म्हणाली.

"काई नाही होत. गूळ उलीसा जास्त पडला असंल. तू घट्ट धर फक्त."

तिने घट्ट धरली. पुढच्या क्षणी खोलीत बंदूक उडावी तसा आवाज झाला आणि तिला उजव्या गालावर काहीतरी गरम गरम लागलं. हात लावला तर हात लाल. मांडीवर फेस, लुगड्यावर फेस, आणि सगळीकडे हिरव्या काचा.

शालिग्राम पक्कड टाकून उठला. पंचफुलाने पदराचा बोळा गालावर दाबला आणि म्हणाली, "आंधी मडकं-बाटल्या रित्या करा. मंग माह्याकडं पाहा."

तिचं बरोबरच होतं. शालिग्राम बुलढाण्याच्या कचेरीत शिपाई होता आणि दारूबंदीचा अंमल जोरात होता. घरात बाटली सापडली तर नोकरी जाणार, वर तुरुंगात खडी फोडायला जावं लागणार. तरुणपणी तो कामठीच्या पलटणीत साहेबांच्या खानसाम्याचा मदतनीस होता. तिथल्या एका गोऱ्या सार्जंटाकडून तो बियर करायला शिकला. इथे देऊळघाटात तो ज्वारीला मोड आणी, वाळवून भरडी, शिजवी, कडूपणासाठी काडेचिराईत घाली आणि मडक्यात आंबवत ठेवी. शनिवारी दिवे लागले की एक बाटली उघडायची. तो पेलाभर घेई, ती अर्धा कप. चव अगदीच कडू, पण तेवढ्यावर तो खुलायचा. कामठीच्या गोष्टी सांगायचा, सार्जंटाची नक्कल करायचा, आणि तिला हसून हसून पुरेवाट व्हायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूलबाळ नाही, पण त्याने कधी तिच्यावर हात उगारला नव्हता. सकाळी विहिरीवरून पाणीसुद्धा तोच आणायचा. त्यावरून गाव त्याला बाईलबुद्ध्या म्हणे. त्याला ते लागे. पंचफुलाला मात्र मनातून त्याचा अभिमान वाटे.

उरलेल्या बाटल्या उकिरड्यात रिकाम्या झाल्या, लुगडं बदललं, जमिनीवर वास मारायला राकेल शिंपडलं गेलं. मग शेजारच्या मेहबूबचा टांगा आला.

"आवाज कायचा झाला बे?" मेहबूबने घोडा हाकता हाकता विचारलं.

"कंदिलाची चिमणी फुटली," शालिग्राम म्हणाला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्याने गालातून काच काढली आणि उजेडात धरली. डोळा थोडक्यात वाचला होता.

"कंदिलाची काच हिरवी असते का हो? आणि एवढी जाड?" ते म्हणाले. "खरं सांगा. मला पोलिसांना कळवावं लागेल."

शालिग्रामच्या हातातली टोपी गळून पडली. ती उचलायला तो वाकला तो वाकलाच. त्याची वाकलेली पाठ पंचफुलाला एका डोळ्याने दिसली.

"मालकानं मारली," ती म्हणाली. "राकेलची बाटली होती. भाकर करपली म्हून फेकून मारली."

आपल्या तोंडून हे कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही. आता डॉक्टर आणखी खोदतील, पोलीस नाही तर निदान चार शब्द तरी सुनावतील, असं वाटून ती अंग चोरून बसली. पण डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला.

"मग घरगुती आहे," ते कंपाउंडरला म्हणाले. "राहू दे, लिहू नकोस. टाक्यांचं सामान आण."

"मर्दगडी दिसतो," कंपाउंडर हसून म्हणाला.

परतताना टांग्यात शालिग्रामने तिचा हात सोडला नाही. "माह्यी नोकरी वाचवली तू," एवढंच तो पुटपुटत होता आणि रडत होता. पंचफुलाला वाटलं, गालावर वण राहिला तर राहो. माणूस आपला आहे.

कंपाउंडरने मेहबूबला सांगितलं होतं, आणि बातमी गावभर झाली. ती धुणं घेऊन विहिरीवर गेली तेव्हा बायका तिच्याभोवती जमल्या. रुखमाबाईने पट्टीला हळूच बोट लावून पाहिलं. "चाल, तुह्याबी घरी झालं एकदाचं," ती म्हणाली, आणि तिने प्रेमाने आपली भरलेली घागर पंचफुलाच्या कमरेवर चढवून दिली. इतकी वर्षं या बायका तिच्याशी जरा अंतर राखून बोलत. आता ती त्यांच्यातली झाली होती.

आठवड्याने तिचा थोरला भाऊ रंगराव दुसरबीडहून आला. त्याचा राग गावाला माहीत होता. तो काठी उचलेल, मग आपण त्याला आत बोलावून खरं सांगायचं, असं पंचफुलाने ठरवून ठेवलं होतं. शालिग्रामही सकाळपासून दारामागे घुटमळत होता. रंगराव आला, त्याने पाय धुतले, बहिणीच्या गालाकडे पाहिलं आणि च् च् केलं. पोटभर जेवला. सुपारी कातरता कातरता म्हणाला,

"जवाईबुवा, तोंडावर नाही मारू. लोकाइले दिसते. पाठ हाय ना."

शालिग्रामने मान डोलावली.

पंचफुला चुलीपाशी होती. तिला वाटलं, आता तो बोलेल. निदान एवढं तरी म्हणेल, की मी नाही मारलं. रंगराव काही पोलीस नव्हता. पण शालिग्रामने फक्त मान डोलावली आणि मेव्हण्यापुढे चुन्याची डबी सरकवली. भावाला वाटेला लावून ती आत आली आणि कोनाड्याशी उभी राहून रडली. टाके ओढले जात होते म्हणून तेही मनसोक्त रडता आलं नाही.

पुढे पुढे गावात शालिग्रामचं नाव बदललं. येताजाता "भरलं का पाणी?" म्हणून त्याला डिवचणारा उकंडराव आता "बसा शालिग्रामभाऊ" म्हणू लागला. एके दिवशी घागरी सकाळपासून रिकाम्या पडून राहिल्या. उन्हं चढल्यावर पंचफुला स्वतःच त्या घेऊन विहिरीवर गेली. शनिवार येत आणि जात. त्याने पुन्हा ज्वारी भिजवली नाही. दिवे लागले की तो ओट्यावर जाऊन बसे, कारण आता त्याच्या ओट्यावर माणसं येऊ लागली होती.

त्या दिवशीही चौघे-पाच जण होते. पंचफुला चहाचं ताट घेऊन दाराशी आली तेव्हा उकंडराव आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होता. पोरगा मऊ आहे, ती त्याला गुंडाळते, वगैरे.

"एकडाव दाखवा लागते," शालिग्राम म्हणाला. "मंग जलमभर तरास नाही."

उंबऱ्यातच तिचे पाय थांबले. ही नक्कल असेल, असं क्षणभर तिला वाटलं. सार्जंटाची करायचा तशीच एखादी. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो नक्कल करत नव्हता.

ती बाहेर आली. पट्टी निघाली होती, आणि कधी नव्हे ते तिने पदर गालावर ओढला नाही. सगळ्यांनी तो वण पाहिला, मग शालिग्रामकडे पाहिलं. तिने एकेकाला कप दिला. शेवटचा त्याला. तेव्हा ती सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत उभी राहिली.

शालिग्रामने नजर वळवली. उकंडरावचा कप ओठांशी तसाच थांबला होता. शालिग्रामने घोटभर चहा घेतला आणि कप ठक्कन ताटात ठेवला.

"थंडा हाय," तो म्हणाला. "दुसरा आन."

कपातून वाफ निघत होती. पंचफुलाने सगळ्यांच्या तोंडांकडे एकवार पाहिलं, पदर गालावर ओढला, आणि ताट घेऊन आत गेली.